म्हाताऱ्या हेरांचा खेळ

तंबूचा सिनेमा सिरोंच्याला आला तेव्हा मला तिथल्या शाळेत मास्तर होऊन चार वर्षं झाली होती. मी मूळचा आरमोरीकडचा. बदलीचा हुकूम आला त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नव्हती. सिरोंचा म्हणजे पावसाळ्यात चार महिने जगापासून तुटलेलं गाव, आणि बोली तेलुगू. पहिल्या वर्षी वर्गातली पोरं काय बोलतात तेच मला कळत नसे. चौथ्या वर्षापर्यंत मात्र मी तेलुगूत भांडूसुद्धा शकत होतो. तिकडचे लोक मला पंतुलू म्हणत. पंतुलू म्हणजे मास्तर.

भाषेचं हे सांगायचं कारण असं, की तिच्यामुळेच मी त्या सिनेमात ओढला गेलो.

तंबूवाला बल्लारपूरकडचा होता. धानाची मळणी आटोपली की तो इंजन, मशीन आणि फिल्मच्या पेट्या ट्रकवर लादून गावोगाव फिरायचा. आमच्या बाजाराच्या मैदानात त्याने तंबू ठोकला. मधोमध दोर बांधून एक बाजू बायकांची केली. पहिल्या दिवशी गाव लोटलं. पण सिनेमा हिंदी. मारामारी चालू असली की लोक ओरडायचे, शिट्या मारायचे, आणि पडद्यावरची माणसं बोलायला लागली की चुळबुळ सुरू. अर्ध्या लोकांनी शेवट पाहिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूवाला शाळेत आला.

"गुरुजी, तुम्हाले दोन्ही भाषा येते म्हणते. माही मशीन एकच आहे. रीळ बदलाले पाच-सात मिनिटं लागते. तेवढ्या वेळात पुढं काय होणार आहे ते लोकाइले सांगून द्या ना. हा भोंगा घ्या."

मला तेव्हा चोविसावं वर्ष लागलं होतं. शाळेच्या चार भिंतींबाहेर मला कोणी भोंगा दिला नव्हता. मी हो म्हणालो.

सिनेमा मारधाडीचा होता आणि हसवणारा होता. दोन म्हातारे असतात. तरुणपणी दोघांनी सरकारसाठी हेरगिरी केलेली असते. आता एक शिंपी झालेला आणि दुसरा कोंबड्या पाळतो. त्यांच्या बायकांनासुद्धा त्यांचा जुना धंदा माहीत नसतो. मग एका संस्थानाचा खजिना चोरीला जातो, आणि एक मोठा साहेब मोटारीतून शिंप्याच्या दुकानाशी उतरतो. म्हणतो, देशाला तुमची पुन्हा गरज आहे. झालं. दोघं म्हातारे कंबर कसून निघतात. एक नवरीचं सोंग घेतो, दुसरा भटजी होतो. चष्मा हरवल्यामुळे शिंपी आपल्याच दोस्ताला बडवून काढतो. गुंड बासुंदीच्या कढईत पडतात. शेवटी सगळे साहेब रांगेत उभे राहून त्यांना सलाम करतात, गळ्यात हार पडतात, आणि दोघांच्या बायका तोंडाला पदर लावून हसतात.

मी हे सगळं तेलुगूत रंगवून सांगू लागलो. पहिल्याच दिवशी लोक जागचे हलले नाहीत. रीळ संपून दिवा लागला की पुढून आवाज येई, "पंतुलू, उठा, सांगा." खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

माझ्या खोलीच्या मागे नदीच्या उतारावर ढिवरांची घरं होती. त्यांतला एक म्हातारा मला दर आठवड्याला मासळी आणून देई. साठीच्या पुढचा असेल. जाळं टाकायचा आणि डोंग्यातून लोकांना प्राणहितेच्या पलीकडे पोचवायचा. मी त्याला भाऊ म्हणत असे. मी सांगायला लागलो त्या दिवशी तो सिनेमाला होता. दुसऱ्या सकाळी रेतीवर जाळं पसरून त्याच्या विणीची फाटलेली घरं सांधत बसला होता. मला पाहून त्याने हातानेच बोलावलं. त्याला तेलुगू आणि आपली झाडीबोली दोन्ही येई. माझ्याशी तो आपल्या बोलीतच बोलायचा.

"मास्तर, तो सिनेमा आमच्यावर काढला काय कोणी?"

"तुमच्यावर?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सांगायला लागला. नदीपलीकडची मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, संपली त्या वर्षाची गोष्ट. पोलीस ॲक्शनच्या आधी काही महिने तिकडे फार धामधूम होती. हत्यारबंद लोक गावागावांत फिरत, आणि तिकडची माणसं पोरंबाळं घेऊन आपल्या काठाला पळून येत. इकडच्या काठावर पोलिसांची छावणी पडली होती. तिथल्या साहेबाने भाऊला बोलावून सांगितलं, तू रोज तिकडे जातोस, काय दिसतं ते आम्हाला कळव.

"पण मी नावाडी माणूस. मले काय दिसणार? काठावरची रेती," भाऊ म्हणाला. "खबर आणे अक्का."

"कोण अक्का?"

"बांगड्यावाली."

बांगड्यावाल्या अक्काला सिरोंच्यात ओळखत नाही असं बाईमाणूस नव्हतं. पन्नाशीची बाई, उंच, बोलायला कमी. नवरा लग्नानंतर काही वर्षांतच रंगूनला मजुरीला गेला तो परत आला नाही. तो मेल्याची खबरही आली नाही, म्हणून ती हातभर बांगड्या घालून होती. बाजारात एक ओसरीवजा दुकान होतं, पण तिचा खरा धंदा टोपली घेऊन घरोघरी फिरण्याचा. आदल्या वर्षी माझ्या बायकोला सातवा लागला तेव्हा तिची आई आरमोरीहून येऊ शकली नाही. अक्का आपण होऊन आली, तिच्या हातात हिरवा चुडा भरला आणि आईसारखी अर्धा दिवस तिच्याजवळ बसली.

"बांगड्यावालीले कोण अडवते?" भाऊ सांगत होता. "थेट माजघरात जाते. ती तिकडच्या एका व्यापाऱ्याकडून माल आणे. नदीपासून दोन कोसावर गाव आहे. एक दिवस त्याच्या वखारीत गेली तर बांगड्याइच्या पेट्या. तिनं वरचा पेंढा सारला, तर खाली बंदुका. तिनं मले सांगतलं, मी साहेबाले सांगतलं. साहेबानं माह्या पाठीवर थाप मारली. इथी." त्याने स्वतःचा खांदा दाखवला.

"मग?"

"मग ॲक्शन झाली. व्यापाऱ्याले धरून नेलं. थो जेलातच मेला, वर्षा-दीड वर्षानं."

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. अक्काची एकुलती एक मुलगी नदीपलीकडे दोन कोसांवर दिलेली होती. एका बांगड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी. सासरा नव्हता. लग्नाची पंगत मी स्वतः जेवलो होतो.

"भाऊ, पोरगी त्याच घरी दिली?"

"हो ना."

"अन् त्यांना माहीत आहे?"

"कोणालेच माहीत नाई. साहेब बदलून गेला. मी अन् अक्का, दोघंच. तिनं काऊन दिली थे तिलेच ठाव. तुम्ही कोणाले सांगू नोका मास्तर. मी आपलं सिनेमा पाहून बोललो."

मी नाही सांगणार म्हणालो. माझा तसा इरादाही नव्हता.

चौथा दिवस आठवडी बाजाराचा होता. पलीकडून खूप लोक बाजाराला आले होते, आणि सिनेमा पाहूनच जायचं म्हणून थांबले होते. तंबूवाल्याने सांगितलं, गुरुजी, आज रंगवून सांगा, उद्या तंबू उठवतो. तंबू खचाखच भरला. दिवस मावळला आणि खेळ सुरू झाला. भाऊ पुढच्या रांगेत मांडी घालून बसला होता. चौथ्यांदा पाहत होता तो. बायकांच्या बाजूला माझी बायको होती आणि तिच्याशेजारी अक्का.

तिसरं रीळ संपलं. शिंप्याच्या दुकानात साहेब उतरतो ते रीळ. दिवा लागला. मी उठलो. लोकांनी आधीच टाळ्या वाजवल्या. मी पुढची गोष्ट सांगितली, लोक हसले. आणखी हसवावंसं वाटलं. मी भोंग्यातून म्हणालो, "अशा म्हाताऱ्यांना हसू नका. आपल्या सिरोंच्यातसुद्धा असे हेर आहेत. एक जाळं टाकतो आणि एक बांगड्या भरते!"

एवढंच वाक्य. बोलण्याआधी मी त्याचा विचार केला नव्हता. जिभेवर आलं आणि भोंग्यातून बाहेर गेलं.

तंबूभर हशा पिकला. लोकांना वाटलं, मास्तरने मस्करी केली. तिथेच ते मिटलं असतं. पण भाऊ उठून उभा राहिला. वळला, लोकांकडे तोंड केलं आणि पडद्यावरच्या त्या म्हाताऱ्यासारखे हात जोडले. त्याचा चेहरा असा फुलला होता की मी तसा तो कधी पाहिला नव्हता. कोणीतरी गंमत म्हणून ओरडलं, "काय पकडलंस रे म्हाताऱ्या? झिंगे?"

"बंदुका!" भाऊ म्हणाला. "बांगड्यांच्या पेटीतल्या बंदुका!"

दिवा गेला आणि रीळ सुरू झालं. पण आता कोणी हसत नव्हतं. पलीकडच्या गावांची माणसं जिथे बसली होती तिथे कुजबुज चालली होती. बांगड्यांची पेटी म्हटल्यावर कोणतं घर ते त्यांना विचारावं लागलं नाही. पुढच्या वेळी दिवा लागला तेव्हा मी उठलो नाही. तंबूवाल्याला सांगितलं, माझा घसा बसला.

घरी आल्यावर बायको माझ्याशी बोलेना. मी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही काय बोलले ते तुम्हाले समजलं का?"

"अक्का काय म्हणाल्या?"

"काही नाई. लेकराले माह्या मांडीवर दिलं, चप्पल घातली अन् गेल्या. खेळ चालूच होता."

सकाळी शाळा भरण्याआधी मी तिच्या दुकानात गेलो. ती बांगड्या रंगांप्रमाणे दोऱ्यात ओवत होती. रोज करते तशीच. मी काहीतरी बोलायला लागलो, मस्करी होती, चूक झाली, असं. तिने मला बसायला पाट सरकवला. ती माझ्याशी तेलुगूत बोले. मी इथे आपल्या भाषेत सांगतो.

"भाऊने तुम्हाला सगळं सांगितलं?"

"हो."

"त्याला फार दिवसांपासून कोणालातरी सांगायचं होतं," ती म्हणाली. "पुरुषांना राहवत नाही."

मग माझ्याकडे न पाहताच तिने उरलेली गोष्ट सांगितली. व्यापारी तुरुंगात मेल्यावर त्या घराला वाळीत टाकल्यासारखं झालं होतं. त्याच्या मुलाला कोणी मुलगी देईना. त्याची बायको बिचारी पाचसहा ठिकाणी फिरून शेवटी अक्काकडे आली. म्हणाली, तू इतकी वर्षं आमच्याकडून माल नेतेस, तुला आमचं घर माहीत आहे. तुझी मुलगी दे.

"मी काय सांगून नाही म्हणणार होते?" अक्का म्हणाली. "आणि नाही म्हणायचंही नव्हतं. त्या घरातला कर्ता माणूस मी नेला होता. मग माझ्याकडे जे होतं ते दिलं."

"पण त्या बंदुका होत्या, अक्का. त्यांनी माणसं मेली असती."

"असती," ती म्हणाली. "आता तुमची शाळा भरेल."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती व्यापाऱ्याची बायको, अक्काची विहीणबाई, आली. शाळेच्या खिडकीतून मला बाजाराकडे जाणारे लोक दिसले, एकामागून एक, जसे अपघात झाला की जातात. मी वर्ग सोडून धावलो. अक्काच्या दुकानासमोर पन्नासेक माणसं उभी होती. विहीणबाई ओसरीच्या पायरीखाली उभी होती, पांढरं लुगडं, पाय घोट्यापर्यंत रेतीने माखलेले. तिचा मुलगा, म्हणजे अक्काचा जावई, मागे उभा होता. भाऊही तिथे होता, गर्दीच्या कडेला, खाली मान घालून.

"लोक बोलतात ते खरं का?" विहीणबाईने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तिला नाही हे उत्तर हवं होतं, हे कोणालाही कळलं असतं.

मी गर्दीतून पुढे घुसलो. म्हणालो, "आई, ती माझी मस्करी होती. सिनेमा सांगताना मी मनाने जुळवलं. भाऊला मीच पढवलं होतं. या बाईंचा काही संबंध नाही."

मी मास्तर होतो. मास्तर खोटं बोलत नाही असा तिथल्या लोकांचा समज होता. विहीणबाईने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना मला दिसलं. तिने पदराने तोंड पुसलं. एक पाय पायरीवर ठेवला. ती वर येऊन बसली असती, पाणी प्याली असती.

"पंतुलू खोटं बोलतात," अक्का म्हणाली. "माझ्यासाठी बोलतात. मीच सांगितलं होतं. पेट्या मी पाहिल्या होत्या."

का बोलली ती? मी पुढे अनेक वर्षं याचा विचार केला. तिला विचारायचा धीर मला कधी झाला नाही.

विहीणबाईने पायरीवरचा पाय मागे घेतला. जावई म्हणाला, "आई, चल." तेव्हा ती बोलली.

"माझ्या घरी जेवलीस तू. त्याच्या तेराव्याला जेवलीस." मग म्हणाली, "मुलगी माझ्या घरची आहे. तिला मी पाठवणार नाही. तिचा काही दोष नाही. पण तू नदी ओलांडायची नाही. आणि ती इकडे यायची नाही. मी मेले तरी नाही."

अक्काने मान हलवली, जणू एखाद्या गिऱ्हाइकाने भाव सांगितला आणि तो तिला मान्य आहे. ती दोघं नदीकडे निघाली. नेहमी भाऊच्या डोंग्यातून जात, त्या दिवशी दुसऱ्याच्या डोंग्यात बसली.

पुढच्या रविवारी मी पलीकडे गेलो. रेती तुडवत दोन कोस चाललो. घर सापडायला त्रास झाला नाही. ओसरीवर व्यापाऱ्याचा फोटो टांगलेला होता, त्याला ताजा हार. मला आत बोलावलं नाही, पण हाकललंही नाही. मुलगी दाराच्या चौकटीशी आली. तिला दिवस गेले होते, चारपाच महिने झाले असावेत. मला ती लग्नाच्या मांडवात पाहिलेली आठवत होती, सारखी हसणारी. मी म्हणालो, चूक माझी आहे, तुझ्या आईने जे केलं ते गावंच्या गावं वाचावीत म्हणून केलं, तू सासूबाईंना समजाव.

"मी रोज या फोटोला हार घालते," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून घालते. आईने मला हार घालताना पाहिलंय. इथे बसून पाहिलंय."

"ती तुझ्यासाठी झुरते आहे."

"पंतुलू, सासूबाई मला एका शब्दानेही बोललेल्या नाहीत. नवराही नाही. मला जेवायला आधी वाढतात. मी कोणत्या तोंडाने आईचं नाव काढू?" ती आत गेली. मी फोटोसमोर थोडा वेळ उभा राहिलो आणि परत निघालो.

यानंतर अक्काचा धंदा बसला. गावात एक खादीवाले गृहस्थ होते, ते म्हणाले, या बाईंचा पंधरा ऑगस्टला सत्कार झाला पाहिजे. चांगल्या मनानेच म्हणाले. अक्काने नाही सांगितलं. पण गावातल्या बायकांच्या मनात वेगळंच चाललं होतं. बांगड्यावाली माजघरात येते, चुलीपाशी बसते, सासवा-सुनांचं ऐकते, बाळंतिणीची खोली पाहते. तिच्यासमोर कोणी काही लपवत नाही. आता तिची हाक रस्त्यावर आली की दारं लोटली जाऊ लागली. कोणी भांडलं नाही. "आज नको अक्का, हात भरलेले आहेत," एवढंच. पुढे ती टोपली घेऊन निघेनाशी झाली. दुकानात बसून राही. माझी बायको मुद्दाम जाऊन तिच्याकडून बांगड्या भरून येई. महिन्यात तीनदा गेल्यावर अक्काने तिला सांगितलं, "पोरी, फोडून फोडून किती घालशील? येत जा, बस, पण बांगड्या नको घेऊ."

आणि भाऊ. त्याला आधी वाटलं होतं की आता लोक त्याला मानतील. दोनचार दिवस चावडीवर पोरासोरांनी त्याला सलाम ठोकलेही. मग पलीकडच्या लोकांनी त्याच्या डोंग्यात बसणं सोडलं. इकडचे लोकही सोडू लागले, कारण तिकडे उतरल्यावर कोणाच्या डोंग्यातून आलात हे विचारलं जाई. तो घाटावर बसून राही आणि बाकीचे डोंगे त्याच्या डोळ्यांसमोर भरून जात.

एक दिवस तो माझ्याकडे आला. "मास्तर, एक अर्ज लिहून द्या. सरकारले. आमी काम केलं होतं म्हणून."

"काय मागायचं?"

"मागाचं काही नाई. त्याइनं एक कागद द्यावा. या माणसानं काम केलं असा. थो मी तिकडच्याइले दाखवीन. सरकारी काम होतं म्हणून. चोरी-चहाडी नव्हती."

मी अर्ज लिहिला. त्या साहेबाचं नाव भाऊला धड आठवत नव्हतं. तो नाकाने कसा बोले, मिशी कशी होती, हे त्याने पक्कं सांगितलं. अर्ज चांद्याला गेला, तिथून नागपूरला. सहा-सात महिने काही नाही. मग उत्तर आलं की अशा कामाची कुठली नोंद या कार्यालयात ठेवली जात नाही. मी पुन्हा लिहिलं. तोवर राज्यांची फेररचना झाली, आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. दुसरं उत्तर आलं, जुने कागद भोपाळला गेले आहेत, तिकडे विचारा. भोपाळला लिहिलं. तिथून काहीच आलं नाही.

प्रत्येक कागद मी भाऊला वाचून दाखवत असे. शेवटी एकदा तो म्हणाला, "मास्तर, थो सिनेमा खरा असते काय हो? म्हंजे तसा साहेब येते काय कधी मोटारीत बसून?"

"नाही भाऊ. ते लिहिलेलं असतं."

"मले वाटलं होतं कोणीतरी पाहून लिहिलं असन."

त्याने अक्काकडे जाऊन पायांवर डोकं ठेवलं होतं, हे मला उशिरा कळलं. तिने त्याला काय म्हटलं ते कोणी सांगितलं नाही. नंतर तो कधीकधी तिच्या दुकानाच्या ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला दिसे. दोघं एकमेकांशी बोलत नसत. भोपाळला लिहिलं त्याच वर्षीच्या थंडीत तो छातीत कफ भरून गेला. त्याचा डोंगा पुतण्याने घेतला, रंग दिला आणि दुसऱ्या घाटावर नेला.

आम्ही पहिल्या अर्जाच्या उत्तराची वाट पाहत होतो तेव्हाच अक्काच्या मुलीला मुलगा झाला होता. ही बातमी अक्काला घाटावरच्या बोलण्यातून कळली, घरून निरोप आला नाही. तिने चांदीचे वाळे करवून घेतले आणि माझ्याकडे आणले. "तुम्ही जाल का?" मी गेलो. विहीणबाईने वाळे हातात घेतले, वजन पाहिल्यासारखे तळहातावर ठेवले आणि परत माझ्या हातात दिले. "बाळ झोपलंय," ती म्हणाली. मी बाळ पाहिलं नाही. परत येऊन अक्काला सांगितलं, तेव्हा तिने फक्त विचारलं, "कोणासारखा आहे?" मी खोटं सांगितलं की तुमच्या मुलीसारखा. तिने ओळखलं असावं. वाळे तिने रुमालात बांधून ठेवले.

माझी बदली गडचिरोलीला झाली. सगळ्यांनी अभिनंदन केलं, सिरोंच्यातून सुटलात म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी मी अक्काकडे गेलो. इतक्या दिवसांत जे म्हणालो नव्हतो ते म्हणालो. मला माफ करा.

तिने हातातला बांगड्यांचा दोरा खाली ठेवला. मग म्हणाली, "पंतुलू, तुम्ही मागता आहात ते मी दिलं तर तुम्हाला उपयोग होईल. मला काय?"

मी उठायला लागलो.

"रागावले नाही," ती म्हणाली. "पण दिलं असं सांगणार नाही. खोटं होईल." आणि मग, "तुमचं अक्षर चांगलं आहे. मुलीला एक चिठ्ठी लिहा."

मी तिथेच बसून तेलुगूत चिठ्ठी लिहिली. ती सांगे आणि मी लिही. फारसं काही नव्हतं. तब्येत बरी आहे. पाय दुखतो. पावसात आढ्याची दोन कौलं फुटली ती बदलली. बाळाला उन्हात नेऊ नको. गुन्ह्याचं, माफीचं एक अक्षर तिने घालू दिलं नाही. चिठ्ठी मी टपालात टाकली. दुसऱ्या सकाळी बायको-मुलीला घेऊन बसमध्ये बसलो. अक्का निरोप द्यायला आली नाही. बायको आलापल्लीपर्यंत खिडकीकडे तोंड करून होती.

माझ्या जागी आलेल्या मास्तरांना मी गडचिरोलीहून पत्र लिहीत असे. तेही मला सिरोंच्याचं सगळं कळवत. ती चिठ्ठी पोचली का, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. तीन पावसाळ्यांनंतर त्यांनी कळवलं की बांगड्यावाली अक्का श्रावणात तापाने गेली. नदीला पूर होता, नऊ दिवस डोंगा पलीकडे जाऊ शकला नाही. गावकऱ्यांनीच सगळं उरकलं. दुकान बंद आहे.

मुलगी नंतर आली का, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. मी उत्तर लिहायला बसलो, शाळेचं विचारलं, पिकापाण्याचं विचारलं, आणि तो प्रश्न न विचारताच पत्र बंद केलं.